दोन फुटांतली रंगपंचमी

घरमालकाला कुत्रा चालत नाही. मांजर सोफा फाडेल म्हणून रूममेटला चालत नाही. कुंड्या ठेवायला बाल्कनी नाही, आणि असली तरी तिथे कपडे वाळतायत. मग उरतं काय? मासे!

आपल्यासारख्या सकाळी नऊला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या जमातीसाठी मासे म्हणजे आयडियल पाळीव प्राणी, असं एक गृहीतक आहे. भुंकत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, शेजारच्या काकू तक्रार करत नाहीत. शिवाय ऑफिसातून थकून आल्यावर दिवे मंद करून टँकसमोर बसलं की डोकं शांत होतं, ते वेगळंच. मॉलमधल्या एका कापुचिनोच्या पैशांत दोन-तीन निऑन टेट्रा येतात. एवढं स्वस्त, एवढं रंगीत! मग काय, शनिवारी मूड आला, दुकानात गेलो, ‘तो लाल द्या, तो निळा द्या, आणि तो शेपटीवाला पण द्या’ म्हटलं, प्लॅस्टिकची पिशवी हलवत घरी.

आणि तिसऱ्या आठवड्यात टँक रिकामा.

ही गोष्ट इतक्या घरांत घडलेली आहे, की ‘आमच्याकडे मासे जगतच नाहीत’ हे वाक्य मी किमान डझनभर मित्रमैत्रिणींच्या तोंडून ऐकलंय. कुणी वास्तूला दोष देतं, कुणी नजर लागली म्हणतं. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं. निवड रंग बघून झालेली असते. ड्रेस रंग बघून घेतला तर फार तर कपाटात पडून राहील. मासा रंग बघून घेतला, तर तो मरतो. एवढाच काय तो फरक.

म्हणून या वेळी क्रम उलटा करू या. आधी टँक, मग पाणी, मग स्वभाव आणि सगळ्यात शेवटी रंग. घाबरू नका, शेवटी आला तरी रंग भरपूर शिल्लक राहतो!

बाऊलला करा बाय बाय

फेअरवेलला, हाउसवॉर्मिंगला हमखास मिळणारं गिफ्ट म्हणजे गोल काचेचा बाऊल आणि त्यात एक गोल्डफिश. दिसायला क्यूट, पण माशाच्या दृष्टीने शिक्षाच. गोल्डफिश ‘छोटा मासा’ नाहीच मुळी. नीट वाढला तर तो वीतभर, म्हणजे १५-२० सेंटीमीटरचा होतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. खातो भरपूर, घाण करतो त्याहून भरपूर. फेंगशुईवाले आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायला सांगतात. हॉलमधल्या दोन फुटांच्या पेटीत ते नऊ जण म्हणजे ८.१७ची विरार लोकल. लक्ष्मी येईल न येईल, अमोनिया नक्की येईल.

नवशिक्यांसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच हा टँक उत्तम. काठोकाठ भरला तर त्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा धरली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास. ‘पहिल्यांदाच ठेवतोय, छोटा टँक घेऊ’ असं वाटतं ना? पण गणित उलटं आहे. पाणी जितकं कमी तितकं ते पटकन बिघडतं. आठ लिटरच्या टँकमध्ये जास्तीची चिमूटभर फूड पडली तर संकट. तीच चिमूट ५५ लिटरमध्ये पचून जाते. हो, आणि भरलेला टँक ७०-७५ किलोपर्यंत जातो. तेव्हा टीव्हीच्या पोकळ युनिटवर तो ठेवायच्या आधी एक माणूस त्यावर बसवून बघा!

न दिसणाऱ्या दोस्तांचा फंडा

आता थोडं सायन्स. कंटाळू नका, सगळी गंमत इथेच आहे.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं फूड कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो माशांसाठी विष. नदीत तो वाहून जातो, तुमच्या हॉलमध्ये जाणार कुठे? इथे मदतीला येतात जिवाणू. एक गट अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतो. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम बिघडवतं. मग दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

मुद्दा असा, की हे जिवाणू नव्या टँकमध्ये पुरेसे नसतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूवर, दगडांवर त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आता आठवा, मासे कधी मेले होते? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पाणी तर चकाचक दिसत होतं. पण अमोनिया दिसत नाही, राव!

उपाय सोपा आहे. टँक आज घ्या, मासे महिन्याने आणा. टँक भरा, फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर फूड रिकाम्या टँकमध्ये टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. ओळखीत कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. दह्याला विरजण लावतो ना, अगदी तसं. अमोनिया आणि नायट्राइट तपासायची किट मिळते. दोन्हींचा आकडा शून्य दाखवू लागला आणि नायट्रेट दिसू लागलं, की पाहुण्यांना आमंत्रण द्यायला हरकत नाही. तेही सगळ्यांना एकदम नको. पहिल्या आठवड्यात चार-पाच, मग पंधरा दिवसांनी पुढचे.

पाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला ते जंतूंपासून वाचवतं, माशांचे कल्ले मात्र जाळतं आणि आपल्या लाडक्या जिवाणूंनाही मारतं. त्यामुळे पाणी बदलताना अँटी-क्लोरीनचे थेंब मस्ट. दुसरी गोष्ट, तुमच्या बिल्डिंगला पाणी कुठलं येतं? धरणाचं पालिकेचं पाणी साधारणपणे मऊ असतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बऱ्याचदा जड, म्हणजे क्षारयुक्त. बादलीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असं समजा. हा प्रश्न सोसायटीच्या वॉचमनला आत्ताच विचारा. कारण तुमचे मासे कुठले, हे निम्मं यावरूनच ठरणार आहे.

कास्टिंग कॉल

रविवारी सकाळी मी कुर्ल्याच्या मासे बाजारात गेले होते. खाण्याच्या नव्हे, पाळायच्या! पिशव्यांत भरलेले शेकडो रंगीत मासे आणि त्यावर वाकलेली माणसं. बारावीतली पोरं, लुंगीतले चाचा, लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेले आयटीवाले. काय घ्यावं याचं टेन्शन येतं इतकी व्हरायटी. ‘ताई, सगळे एकत्र राहतात, बिनधास्त न्या,’ हे वाक्य तिथे सगळीकडे ऐकू येतं. नाही हो, सगळे एकत्र राहत नाहीत. म्हणून ही माझी शॉर्टलिस्ट.

*गप्पी :* डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत पालिकेवाले विहिरीत सोडतात, तेच हे. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि त्रिनिदादचे. डासांच्या अळ्या मटकावणारा हा साधासुधा मासा शौकिनांच्या हातात पडला आणि त्याच्या शेपटीची पैठणी झाली. जड पाणी त्याला छान मानवतं, त्यामुळे बोअर-टँकरवाल्यांसाठी नंबर वन. एकच अट. जोडी आणू नका. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एकदा. एकदा मीलन झालं की नर नसतानाही ती पुढचे काही महिने पिल्लं देऊ शकते. सहाचे साठ कधी होतील कळणारही नाही. तेव्हा फक्त नर आणा. नाहीतरी खरा रंग त्यांच्याकडेच असतो.

*प्लॅटी आणि मोली :* गप्पीचेच नातेवाईक. प्लॅटी गुटगुटीत, लाल-केशरी आणि शांत. मोली थोडी मोठी होते, तिला जागा जास्त लागते. दोघांनाही जड पाणी आवडतं. ‘बलून मोली’ नावाचा फुगीर प्रकार मात्र मी टाळते. तो गोंडसपणा नाही, मुद्दाम पैदास करून आणलेला वाकडा कणा आहे.

*निऑन टेट्रा :* यांच्यावर सगळेच फिदा! ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन १९३६मध्ये झालं. अंगावर निळा पट्टा आणि मागच्या अर्ध्या भागात लाल. तो निळा रंग म्हणजे रंगद्रव्य नाहीच. त्वचेच्या पेशींतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परावर्तित होतो आणि आपल्याला निळं दिसतं. रात्री दिवा बंद केला की हा रंग फिका पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मासा गेला! निऑनला मऊ पाणी हवं, मुरलेला टँक हवा आणि कंपनी हवी. किमान सहा, आठ-दहा असतील तर उत्तम. एकटादुकटा निऑन घाबरून कोपरा धरतो. मुंबईच्या मे महिन्यातलं तिशीपार गेलेलं पाणी त्याला झेपत नाही.

*कार्डिनल टेट्रा :* निऑनचा ग्लॅमरस भाऊ. याचा लाल पट्टा अर्धा नाही, डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण. थोडा महाग, पण उकाडा निऑनपेक्षा बरा सोसतो.

*झेब्रा डॅनिओ :* हा आपला गाववाला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर काम करणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२मध्ये याची नोंद केली. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा हा चार सेंटीमीटरचा पठ्ठ्या आज जगभरच्या प्रयोगशाळांचा हीरो आहे. मुंबईच्या टीआयएफआरमध्येही त्याच्यावर संशोधन चालतं. त्याच्या हृदयाचा पाचवा भाग कापला तरी तो पुन्हा वाढतो, हे २००२मध्ये सिद्ध झालं. आपल्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्याच्याकडे सापडतात. असा काटक गडी तुमच्या चुकाही पोटात घालतो आणि पुण्या-नाशिकची थंडीही सोसतो. फक्त स्वस्थ बसत नाही. सहा-आठ जणांची टोळी दिवसभर शर्यत लावते. लांब शेपटीच्या संथ माशांबरोबर त्याला ठेवू नका.

*हार्लेक्विन रासबोरा आणि चेरी बार्ब :* पहिला मलेशिया-सुमात्राकडचा, तांबूस अंगावर काळा त्रिकोण. दुसरा श्रीलंकेचा, नर चेरीसारखा लालबुंद. दोघंही शांत आणि टोळीने राहणारे. निऑन जमत नसतील तर हे घ्या.

*हनी गुरामी :* भारत-बांगलादेशातला मधाच्या रंगाचा लाजरा मासा. पोटाखालच्या दोन दोऱ्यांसारख्या परांनी तो समोरची वस्तू हळूच चाचपून बघतो. टँकमध्ये एक किंवा जोडी पुरे.

*बेटा :* म्हणजे फायटर. थायलंडचा हा मासा २०१९मध्ये तिथला राष्ट्रीय जलचर झाला. पर पसरले की नवरीचा शालू! पण स्वभावाने सिंगल. दोन नर समोरासमोर आले की मारामारी ठरलेली. गप्पीची झुपकेदार शेपटी बघूनही त्याला प्रतिस्पर्धी आल्यासारखं वाटतं. पृष्ठभागावर येऊन तो हवेतला श्वास घेऊ शकतो. म्हणूनच त्याला चहाच्या ग्लासात विकतात आणि ‘याला काही लागत नाही’ म्हणतात. श्वास घेता येतो म्हणून कुणी लिफ्टमध्ये संसार थाटेल का? त्याला किमान १५-२० लिटर पाणी, हळू चालणारा फिल्टर, एखादं झाड आणि वर झाकण द्या. उडी मारायची सवय आहे साहेबांना.

*कोरिडोरास :* तळाशी मिशा हलवत वाळू चाळणारी ही छोटी मंडळी म्हणजे टँकचा कॉमेडी शो. चार-पाचच्या गटात ठेवा, वाळू मऊ असू द्या. ‘घाण खातात’ म्हणून त्यांना सफाई कामगार समजू नका. त्यांनाही त्यांचं वेगळं, तळाला जाणारं फूड लागतं.

चौकट : माझे चार कॉम्बो

दोन फुटी टँक आणि चांगला फिल्टर गृहीत धरून :

१. पाणी मऊ, घर फार तापत नाही : ८ निऑन, ५ कोरिडोरास, १ हनी गुरामी.

२. पाणी जड : ६ नर गप्पी, ४ नर प्लॅटी.

३. पुण्याची थंडी, हीटर नको : ८ झेब्रा डॅनिओ, ५ ब्राँझ कोरिडोरास.

४. फक्त २० लिटरची जागा : १ बेटा. बास. त्याच्याशी गप्पा तुम्ही मारा.

हे रंग नकोच

काही मासे सुंदर असूनही यादीत नाहीत. कारणं वाचा आणि दुकानात आठवा.

गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगाचा पट्टा असलेला पारदर्शक ‘ग्लास फिश’ दिसला तर पुढे चला. हा आपल्याच देशातला मासा. मुळात काचेसारखा, आतला काटा दिसेल इतका आरपार. त्याच्या अंगात सुईने रंग टोचतात. काही महिन्यांत रंग उडतो, आणि तोवर टोचणीच्या जखमांनी आजारी पडला नाही तर मासा नशीबवान. रंगाची हौस असणं गुन्हा नाही. पण सुईचा रंग आणि जन्माचा रंग यांतला फरक आपल्याला कळायला हवा. गिऱ्हाईक आहे म्हणून तर सुई आहे.

‘शार्क’ म्हणून विकतात ते बोटभर चंदेरी पिल्लू खरं तर एक कॅटफिश आहे. मोठेपणी तो मीटरच्याही पुढे जातो. तुमच्या फ्लॅटपेक्षा मोठा टँक लागेल! आणि काचेला चिकटून शेवाळ खाणारा काळा सकर? तोही फूटभर होतो. मग घरात मावेना म्हणून लोक त्याला तलावात सोडतात, ‘पुण्य’ म्हणून. आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत दक्षिण अमेरिकेचा हा पाहुणा ठाण मांडून बसलाय. देशी माशांच्या तोंडचं अन्न पळवतोय आणि काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाडतोय. तेव्हा नियम पक्का : मासा नको झाला तर दुकानात परत द्या, ओळखीत द्या, पण पवई असो की पाषाण, तलावात सोडू नका. गप्पीसुद्धा नाही. पालिकेचं काम पालिकेला करू द्या.

सह्याद्रीची सुंदरी आणि ॲमेझॉनचा उलटा न्याय

आता एक प्रश्न जो दुकानात कुणी विचारत नाही. हा मासा आला कुठून?

केरळ-कर्नाटकच्या घाटातल्या वाहत्या नद्यांत एक मासा राहतो. चंदेरी अंग, काळी रेघ आणि तिच्यावर लिपस्टिक ओढल्यासारखी लाल रेघ. व्यापारात नाव ‘मिस केरळ’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला जगभरच्या शौकिनांना त्याने वेड लावलं आणि नद्यांमधून त्याची बेसुमार पकड सुरू झाली. केरळ सरकारला २००८मध्ये त्याच्या पकडीवर निर्बंध आणावे लागले. आयुसीएनच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. २०१३मध्ये शास्त्रज्ञांनी या माशासाठी नवी प्रजाती ठरवली, तिचं नाव ‘सह्याद्रिया’. आपल्या डोंगराचं नाव मिरवणारा मासा, आणि आपल्याच हौसेपायी त्याच्या नद्या ओस! तो दहा-पंधरा सेंटीमीटर वाढतो, टोळीने पोहतो, त्याला चार फुटी टँक लागतो. आपल्या दोन फुटांत तो बसत नाहीच. पुढेमागे मोठा टँक केलात तर विचारा, पैदास केलेला आहे की नदीतून पकडलेला? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा.

पण म्हणून ‘नदीतला मासा म्हणजे पाप’ असंही सरसकट नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पुरात भरलेल्या जंगलातून छोट्या जाळ्यांनी कार्डिनल टेट्रा पकडतात. हे मासे तसेही अल्पायुषी, आणि त्यांची पैदास भरपूर. मासे विकून पोट भरतं म्हणून जंगल तोडायची वेळ येत नाही. तिथे काम करणाऱ्या ‘प्रोजेक्ट पियाबा’चं म्हणणंच आहे की मासा घ्या, झाड वाचवा. एका नदीत पकड घातक, दुसऱ्या नदीत तीच राखण. म्हणजे नियम पाठ करून भागत नाही, प्रत्येक माशाची गोष्ट वेगळी विचारावी लागते. दुकानात मिळणारे बहुतेक निऑन, गप्पी, मोली आणि फायटर मात्र पैदास केलेलेच असतात. आपल्याकडे चेन्नईचं कोळत्तूर या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून केली तर मनाला टोचणी नाही.

दुकानात डोळे उघडे

आवडलेल्या माशाआधी त्याचा टँक बघा. त्यात एखादा मेलेला मासा तरंगत असेल तर त्या पाण्यातलं काहीच नको. पर अंगाला चिकटवून बसलेला, पृष्ठभागावर येऊन हापसणारा, दगडावर अंग घासणारा मासा आजारी समजा. मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे ‘इक’ हा परजीवी. एक आणलात तर सगळ्यांना लागण.

दोन प्रश्न विचाराच. माल कधी आला? आजच आला असेल तर आठवडाभराने या. प्रवासाचा ताण सोसून जो टिकला तो खरा. आणि, माझ्यासमोर त्यांना खायला घालता का? जो झडप घालून खातो तो तुमचा. चांगला दुकानदार हसून खायला घालतो. वैतागणाऱ्याचं दुकान सोडा.

घरी आल्यावर पिशवी थेट ओतू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग दर पाच-सात मिनिटांनी टँकचं थोडं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासा जाळीने उचलून आत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. त्या दिवशी दिवा बंद, खाणंही बंद. नव्या शहरात पहिल्या रात्री आपल्याला तरी कुठे भूक असते?

आणि मग रोजचं

रोजचं काम पाच मिनिटांचं. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच फूड. मासे उपाशी मरत नाहीत, अति खाऊ घालून मरतात. दिवा सहा ते आठ तास, टायमर लावलात तर डोक्याला ताप नाही. रविवारी वीस-पंचवीस टक्के पाणी बदला. सगळं पाणी काढून, वाळू धुऊन, फिल्टर साबणाने घासून ‘दिवाळीची साफसफाई’ करू नका. महिनाभर जमवलेले जिवाणू एका तासात मोरीत जातात. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच, हलक्या हाताने पिळून. ऑफिसला जाताना फिल्टर बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा, तो चोवीस तास चालायला हवा.

उन्हाळ्यात पाणी तापलं तर झाकण उघडून छोटा पंखा पृष्ठभागावर सोडा, बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. उडी मारणारे मासे असतील तर वर जाळी लावायला विसरू नका. लाइट तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. गणपतीला चार दिवस गावी निघालात? मोठे, निरोगी मासे तेवढे दिवस उपाशी आरामात राहतात. शेजाऱ्यांना किल्ली देऊन ‘थोडं खायला टाका’ सांगणं जास्त धोक्याचं, कारण शेजारी प्रेमळ असतात!

मला या छंदात सगळ्यात भावतं ते त्याचं वेळापत्रक. आपल्या आयुष्यात सगळं आजच हवं असतं. डिलिव्हरी दहा मिनिटांत, रिप्लाय दोन मिनिटांत. टँक मात्र महिनाभर थांबवतो. तुम्ही कितीही पैसे टाका, जिवाणू त्यांच्याच गतीने वाढतात. रिकाम्या पाण्याकडे बघत चार आठवडे काढले, की पाचव्या आठवड्यात आणलेले आठ निऑन नुसती शोपीस राहत नाहीत. कोण आधी खायला येतो, कोण कोपऱ्यात राहतो, कुणाचा रंग आज फिका आहे, हे आपोआप दिसायला लागतं.

तेव्हा या शनिवारी दुकानात जा, पण टँक, फिल्टर आणि अँटी-क्लोरीन घेऊनच परत या. दुकानदार विचारेल, ‘मासे नाही न्यायचे?’ सांगा त्याला, पुढच्या महिन्यात. घर तयार होतंय.